सगुणाच्या हातची खीर

फिनाईलचा वास आला की मला नाताळ आठवतो.

हे कोणाला सांगितलं तर हसतील. नाताळ म्हटलं की माणसाला केकचा, मेणबत्तीचा, नव्या कापडाचा वास आठवावा. मलाही ते सगळं आठवतं, पण नंतर. परवा सकाळी अकोल्याच्या एसटी स्टँडवर अमरावतीच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. एक बाई बादलीतलं पाणी ओतत, खराट्याने फरशी धूत माझ्या बाकापर्यंत आली आणि पाय वर घ्या म्हणाली. मी पाय वर घेतले. पांढुरकं पाणी बाकाखालून वाहत गेलं. मी त्रेपन्न वर्षांचा माणूस, शाळेतला मास्तर, चर्चच्या मंडळीतला वडील म्हणजे कारभारी, पाय वर घेऊन बसलेला, आणि डोळ्यांत पाणी. बाईला वाटलं, वास झोंबला. आजचं जरा तेज आहे, असं म्हणून ती पुढे सरकली.

मी अमरावतीला एका म्हातारीला भेटायला निघालो होतो. तेहतीस वर्षांपूर्वी एक वाक्य बोलायचं होतं. ते मी बोललो नव्हतो.

आमचं कंपाउंड, म्हणजे मिशनची ख्रिस्ती वस्ती, अकोटकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. गोऱ्या मिशनऱ्यांनी बांधलेलं, पण माझ्या आठवणीत गोरं माणूस एकही नाही. त्यांनी लावलेली कडुलिंबाची झाडं होती, मंगलोरी कौलांचं चर्च होतं, शाळा होती, आणि एका टोकाला दहा खाटांचा दवाखाना. चोवीस घरं. डिसेंबर लागला की जवळच्या सरकी काढायच्या जिनमधला कापूस हवेत उडायचा आणि आमच्या ओट्यांवर, तुळशीसारख्या वाढलेल्या सब्जाच्या झुडपांवर, वाळत घातलेल्या चादरींवर येऊन बसायचा. बर्फ आम्ही कोणी पाहिला नव्हता. नाटकात बर्फ लागला की पोरं पिशव्या घेऊन जिनच्या कुंपणाशी जात आणि गोळा करून आणत. हवेला संत्र्याच्या सालींचा वास असे, मिठाच्या पाण्यात उकळणाऱ्या तुरीच्या शेंगांचा असे, आणि मग एका संध्याकाळी कुठल्या तरी चुलीवरून मैद्याची खळ शिजल्याचा वास येई. खळ शिजली म्हणजे तारे सुरू झाले.

तारे ही आमच्या कंपाउंडाची रीत होती. दुसरीकडे मी ती कुठे पाहिली नाही. डोंगरावरच्या उपदेशात प्रभूने ज्या ज्या माणसांना धन्य म्हटलं आहे, ते आठ शब्द चर्चचे पाळकसाहेब तीन-तीन चिठ्ठ्यांवर लिहीत. आगमनाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांतल्या, पहिल्या रविवारी प्रत्येक घराने एक चिठ्ठी उचलायची. दीन, सौम्य, दयाळू, शांती करणारे, जे काय निघेल ते. तो शब्द कामट्यांवर कागद चिकटवलेल्या ताऱ्यावर रंगवून दारात टांगायचा आणि महिनाभर घरातल्या सगळ्यांनी त्या शब्दाप्रमाणे वागायचं. त्या महिन्यात घरांना आडनावं उरत नसत. पलीकडच्या सौम्यांच्या घरून चाळणी आण, असं आई सांगे. शांतीवाल्यांकडे सकाळपासून भांडी आपटणं चालू आहे, अशी बातमी येई. छळ सोसणाऱ्यांची चिठ्ठी कोणालाच नको असे. एका वर्षी ती दवाखान्यातल्या कंपाउंडरकाकांना निघाली. काका भर चर्चमध्ये बायकोकडे पाहून म्हणाले, ‘हे तं आपल्याकडं बाराही महिने असते.’ पुढचे तीन दिवस त्यांना शेजारी जेवावं लागलं.

एक जानेवारीला सकाळच्या उपासनेत तारे उतरवत. त्याचाही नियम होता. आपण काय चांगलं केलं हे आपण सांगायचं नाही. ज्याला ते मिळालं, त्याने उठून सांगायचं. पाळकसाहेब घराचं नाव घेत, ताऱ्यावरचा शब्द वाचत, आणि थांबत. कोणीतरी बाकावरून उठे. माझ्या पोराला ताप होता तेव्हा यांनी दोन रात्री जागवल्या. माझ्याशी तंटा होता, तो यांनी स्वतः येऊन मिटवला. एवढंच. मग घंटेचा एक टोल पडे आणि तारा खाली येई. कोणीच उठलं नाही, तर तारा तसाच, न वाजता उतरवत. हे क्वचित होई. माणसं एकमेकांची लाज राखत.

आता मी जेव्हा त्या रीतीचा विचार करतो, तेव्हा मला तिच्यातली मेख दिसते. जे चारचौघांत सांगता येण्यासारखं असेल, तेवढंच मोजलं जाई. ज्या दयेबद्दल बोलायला स्वतःचं पाप आधी सांगावं लागतं, तिच्यासाठी कोण उठणार?

सगुणा दवाखान्यात झाडलोट करायची. खाटांखालची भांडी, फरशा, रक्ताचे कपडे, सगळं तिच्याकडे. नवरा गेल्यावर ती सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावाहून पोरीला कडेवर घेऊन आली आणि पुढच्या ईस्टरला तिचा बाप्तिस्मा झाला. ती कुठल्या वस्तीतली, हे कोणी तोंडातून काढत नसे. बाप्तिस्म्यानंतर ते विचारायचं नसतं, असं आम्हाला शिकवलेलं. म्हणून विचारत नसत. पण विसरतही नसत. इतर बायका रूथबाई होत्या, मार्थाबाई होत्या. ही नुसती सगुणा. माझ्या आईच्या वयाची बाई, आणि आम्ही कॉलेजातली पोरंही तिला ‘अगं सगुणा’ म्हणत होतो. तिच्या घरचा फराळाचा डबा आला की आई गोड बोलून ठेवून घेई, आणि तो फळीवरच राही. कारण विचारलं तर उत्तर तयार होतं, तिचे हात दवाखान्याचे आहेत. कंपाउंडरकाकांचे हातही दवाखान्याचेच होते. त्यांच्या घरचे लाडू आम्ही मागून खात होतो.

तेहतीस वर्षांपूर्वीच्या त्या वर्षी आमच्या घराला ‘अंतःकरणाचे शुद्ध’ निघालं. बाबा शाळेचे हेडमास्तर, मंडळीतले पहिले वडील. त्यांना तो शब्द शोभलाच असं सगळे म्हणाले. मी ताऱ्यावर निळ्या रंगाने तो लिहिला. अक्षर चांगलं होतं माझं. सगुणाला ‘दयाळू’ निघालं.

आणि त्याच रविवारी पाळकसाहेबांनी जाहीर केलं की यंदा नाताळच्या प्रीतिभोजनाची गव्हाची खीर सगुणा करेल. चर्चमध्ये बाकांचा आवाज झाला. माणसं जागच्या जागी हलली की होतो, तसा. घरी येताना बाबा आईला म्हणाले, पाळकसाहेबांचं बरोबर आहे, सगळे एकच आहेत. फक्त घाई केली.

सगुणाने त्या खिरीची तयारी जशी केली, तशी तयारी मी आयुष्यात कशाचीच केली नाही. गहू ओलवून उखळात कांडले, पाखडले, पुन्हा कांडले. दोन दिवस तिच्या घरातून मुसळाचा आवाज येत होता आणि तिची आठ वर्षांची सुवार्ता उखळाशी बसून उडालेला दाणा दाणा वेचत होती. शेवटचे पाच दिवस सगुणाने दवाखान्याचं काम दुसऱ्या बाईला लावून दिलं, हाताला वास राहू नये म्हणून. रोज सकाळी नळावर ती हात घासायची. आधी राखेने, मग चिंचेने, मग लिंबाच्या सालीने. आम्ही दात घासत उभे असू. ती हात नाकाशी नेई, हुंगे, आणि पुन्हा घासे. एकदा तिने माझ्यापुढे हात केले आणि विचारलं, ‘येते का रे बापू?’ मी हुंगले. लिंबाचा वास होता. नाही म्हणालो. ती हसली. तिला एवढी हसताना मी तेव्हाच पाहिली.

नाताळच्या सकाळी पलीकडच्या वाडीवरच्या गवळ्याकडून दूध आणायचं काम माझ्याकडे होतं. वीस वर्षांचा होतो, अमरावतीच्या कॉलेजातून सुटीला आलेलो, गळ्यात मफलर आणि नाक सर्दीने बंद. उठायला उशीर झाला. आमच्या घरच्या दोन किटल्या होत्या, एकीचं झाकण सापडेना. दवाखान्याच्या व्हरांड्यात एक झाकणाची किटली दिसली. आत पांढुरका ओशट थर होता. मला वाटलं, दुधाचाच आहे. हापशाखाली एकदा खळबळली आणि सायकलला अडकवली.

ती फिनाईल कालवायची किटली होती. सगुणा कामावर असती, तर ती कुलपात असती. ती पाच दिवस कामावर नव्हती, म्हणून बाहेर राहिली होती.

बाकी सगळं मला अजून आठवतं. चर्चच्या मागे तीन दगडांच्या मोठ्या चुली, बाभळीचा धूर, खसखस-खोबरं घातलेला मटणाचा रस्सा, आणि खिरीचं पातेलं. त्यात गहू फुलून आलेला, गूळ विरघळलेला, वर जायफळ. सगुणा नव्या हिरव्या लुगड्यात, ढवळायचा हातभर लांब सराटा घेऊन. माणसं जेवायला बसू लागली होती. तिने सगळ्यात शेवटी दूध ओतलं, बायकांनी दोन्ही किटल्यांतून भांड्यात काढून दिलेलं. वाफ वर आली. रूथबाई जवळ होत्या. त्यांनी पदर नाकाला लावला.

मला वास आला नाही. सर्दी होती. मी फक्त माणसांचे चेहरे पाहिले आणि मग जमिनीवर आडवी पडलेली किटली पाहिली. सगुणाही तिच्याकडेच पाहत होती. ती किटली तिच्याइतकी कोण ओळखणार? मग तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात सायकलचं हँडल होतं. मी सायकलच्या घंटीवरची धूळ बोटाने पुसू लागलो.

दुधात काय गेलं, बाबांनी विचारलं. आवाज न चढवता. बाबा कधी आवाज चढवत नसत.

सगुणा म्हणाली, ‘माह्याच हातानं झालं.’

कोणी तिला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळे फार सांभाळून बोलले. होतं असं, तिने मुद्दाम थोडंच केलं, शेवटी हात दवाखान्याचे. पुढच्या वर्षीपासून स्वयंपाक जुन्याच बायकांकडे राहील, असं बाबांनी ताटांवर प्रार्थना करायच्या आधी सांगितलं. पाळकसाहेबांनी मान खाली घातली. पातेलं चौघांनी उचललं आणि कडुलिंबामागच्या खड्ड्यात उलटं केलं. लोक रस्सा-भात जेवले. मीही जेवलो. भूक लागली होती.

त्यानंतर एक तारखेपर्यंत सात दिवस होते. त्या सात दिवसांचा मी पुढे आयुष्यभर विचार करत आलो आहे. रोज सकाळी ठरवत होतो, आज बाबांना सांगू. बाबा दाढी करत असत, तेव्हा सांगायचं राहून जाई. वर्तमानपत्र वाचत असत, तेव्हा राहून जाई. संध्याकाळी आमच्या दारातल्या ताऱ्यात दिवा लागे आणि माझ्याच अक्षरातले ते शब्द अंगणात निळे पडत. शेवटी मी ठरवलं की बाबांना नाही, सरळ चर्चमध्ये सांगू. रीतच आहे. सगुणाचं नाव येईल, मी उठेन.

सगुणाचं नाव आलं. ‘दयाळू,’ पाळकसाहेब म्हणाले, आणि थांबले. नेहमीपेक्षा जास्त थांबले. बाहेर कापसाच्या बंड्या चालल्या होत्या, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत होता. कोणीतरी खोकललं. सुवार्ता पुढच्या बाकावरून पूर्ण मागे वळली आणि एकेक चेहरा पाहू लागली, कोण उठतंय म्हणून. माझ्याजवळ आली तिची नजर, आणि पुढे गेली. मी बाकावर बसून राहिलो.

तारा न वाजता उतरला.

आमचं घर शेवटी होतं. ‘अंतःकरणाचे शुद्ध.’ आणि सगुणा उठली. तिने पदर डोक्यावर सारखा केला आणि एवढंच म्हणाली, ‘यायच्या आईनं माह्या पोरीले थंडीचं स्वेटर देल्लं.’ खरं होतं ते. माझंच जुनं, तपकिरी. सुवार्ताच्या अंगात तेव्हाही होतं.

टोल पडला. तो टोल अजून थांबलेला नाही, असं लिहिलं तर अलंकारिक वाटेल. पण मला दुसरं कसं सांगायचं ते येत नाही.

पुढे दवाखाना बंद पडला, सगुणा पोरीला घेऊन अमरावतीला गेली. पाळकसाहेब बदलून गेले आणि वारले. बाबा वारले, शेवटच्या आजारात मी त्यांचे पाय चेपत होतो, तेव्हाही सांगितलं नाही. तारे बंद झाले, आता दुकानातले चिनी दिवे लागतात. मी अकोल्याला मास्तर झालो, लग्न झालं, मंडळीने मला वडील केलं. गव्हाची खीर मी खात नाही. बायकोला वाटतं, मला आवडत नाही.

इथवर असतं, तर मी भित्रा होतो एवढंच म्हणता आलं असतं. पण मी पुढे गेलो. वडील झाल्यावर अधूनमधून चर्चमध्ये संदेश, म्हणजे प्रवचन, द्यायची पाळी येते. डोंगरावरच्या उपदेशावर बोलताना दयेसाठी एक गोष्ट लागते, आणि माझ्याकडे होती. एक गरीब बाई होती, एका तरुणाची चूक तिने हसत आपल्या अंगावर घेतली. नाव नाही, गाव नाही, तरुण कोण ते नाही. ती गोष्ट मी तीनदा सांगितली. तीनदा माणसं रडली. यंदाच्या आगमनात तिसऱ्यांदा सांगितली तेव्हा एकाने मोबाइलवर घेतली, आणि ती या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरत अमरावतीला गेली. आठवड्याने फोन आला. मी सुवार्ता, सर, सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. आईला तुमचा संदेश ऐकवला. आई म्हणते, एकदा येऊन जा.

म्हणून मी परवा मूर्तिजापूर, बडनेरा करत अमरावतीला गेलो. दोन खोल्यांचं स्वच्छ घर. सगुणा खाटेवर बसली होती, केस पांढरे, पाठ वाकलेली, नजर मात्र तीच. मी वाकून नमस्कार केला. म्हणालो, ‘मावशी, कशा आहात तुम्ही?’

तिने पोरीकडे पाहिलं. ‘अवं, हा “तुमी” कोनाले म्हणून राहिला?’

सुवार्ता हसली. मलाही हसावं लागलं. चहा ठेवते म्हणून ती आत गेली, तशी म्हातारी म्हणाली, तीच करते आता; मी केला असता तं पेला असता का नाई, कोन जाने. मी खाली पाहिलं. तिने माझ्या पोरांची चौकशी केली, आई कधी गेली ते विचारलं, गुडघ्यांचं दुखणं सांगितलं. कप रिकामे झाल्यावर तिने विषय काढला.

‘मोबाइलमंदी तुहं बोलनं आयकलं. चांगलं बोलतं. बापावर गेला.’ मग जरा थांबून, ‘ते बाई कोन होती?’

‘तुम्हीच, मावशी.’

‘आन तो पोरगा?’

‘मी.’

‘मंग तसं काहून नाई म्हटलं?’

मी सगळं सांगितलं. झाकण हरवलं ते, सर्दीचं, सायकलच्या घंटीचं, सात दिवसांचं. मी प्रवासात ठरवून ठेवलेली वाक्यं होती, ती कुठच्या कुठे गेली. ती ऐकत राहिली आणि मध्ये एकदाच म्हणाली की हे मले काय सांगतं, मले तं तवाच ठाऊक होतं, किटली माही होती. मी म्हणालो, तरी तुम्ही माझं नाव घेतलं नाही. तुम्ही माझ्यावर दया केली. तेहतीस वर्षं मी त्या दयेच्या ओझ्याखाली जगतो आहे.

‘दया?’ ती म्हणाली. रागाने नाही. एखादा शब्द बऱ्याच दिवसांनी ऐकावा तशी. ‘दया कराले हातात काई असा लागते, बापू. हेडमास्तरच्या पोरानं केलं, असं मी म्हटलं असतं, तं कोनं आयकलं असतं? केलं ते केलं, वरून पोरावर ढकलते, म्हटलं असतं. पोरीले घेऊन कुठं गेली असती मी? म्हणून म्हटलं, माह्याच हातानं झालं. त्यात काय दया न काय फया.’

सुवार्ता आतल्या दाराशी उभी होती. तिने कपबश्या उचलल्या नाहीत.

‘आन हसत नाई म्हटलं मी ते,’ म्हातारी म्हणाली. ‘तू सांगतं, हसत म्हटलं. मी नाई हसली.’

तिने गुडघ्यावरचं लुगडं सारखं केलं.

‘मी वाट पाहिली तुही. आठ दिवस. म्हटलं, पोट्टं आहे, भेलं असन; बोलन. चर्चमंदी मागं पाहता येत नव्हतं मले, म्हणून पोरीले म्हटलं, तू पाय, मास्तरचा पोरगा उठते का.’

मी माफी मागितली. हात जोडून, रडून, जशी मागतात तशी. तिने मला रडू दिलं. मग म्हणाली की माफी कुठं जाते, देऊ. आधी सांग तं जाऊन. कोणाला सांगू, मी विचारलं. बाबा गेले, पाळकसाहेब गेले, रूथबाई गेल्या, तेव्हाचं कोण आहे?

‘जे आहेत त्यायले.’

नाताळला मला आमच्या जुन्या चर्चमध्येच बोलायचं होतं. कंपाउंडात आता सहा घरं उरली आहेत, तिथे कोणी ना कोणी बाहेरून येऊन संदेश देतो. कौलांवर पत्रे आले आहेत. दवाखान्याच्या जागी नुसतं जोतं आहे आणि त्यातून रुईची झाडं उगवली आहेत. जिन बंद, आकाश अगदी कोरं, कापूस उडत नाही. मी लिहून आणलेला कागद खिशातच ठेवला आणि उभा राहून सांगितलं. सगुणाबाई नावाची बाई इथे राहत होती. तिने केलेल्या खिरीत फिनाईल गेलं, ते मी आणलेल्या किटलीतून. ते मला त्याच क्षणी कळलं होतं. मी बोललो नाही. तिला पुन्हा इथे कधी स्वयंपाक करू दिला नाही, आणि ते माझ्या वडिलांनी ठरवलं, माझ्यामुळे. तिने दया केली, असं मी आजवर सांगत आलो. ते खोटं आहे. तिचं कोणी ऐकणार नाही, हे तिला माहीत होतं, एवढंच. आम्ही तिचं ऐकलं नसतं.

मी खाली बसलो. प्रार्थना झाली, शेवटचं गीत झालं. दारात सगळे हात मिळवत होते. शिक्षक झालेला एक तरुण माझा हात हातात धरून म्हणाला, सर, ही गोष्ट मी तुमची मोबाइलवर ऐकली होती, पण या वेळी तुम्ही ‘मी’ म्हणून सांगितली ना, त्याने फार भिडली. त्याची बायको डोळे पुसत होती.

मी त्याचा हात सोडला नाही. म्हणालो, गोष्ट नाही ती. मीच तो. त्याला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच हात काढून घेतला. बाकीचेही थांबले होते. मी पुन्हा, दारातच उभा राहून, पहिल्यापासून सांगितलं. थंडी होती. लहान मुलं आईचा पदर ओढत होती. एका आजीबाईंना सगुणा अंधुक आठवत होती. झाडायची तीच ना, म्हणाल्या. मी म्हणालो, हो, तीच. सगुणाबाई. मग एकेक जण चपला घालून घरी गेले.

दुपारी मी अमरावतीला फोन लावला. सुवार्ताने तो आईच्या हातात दिला. मी म्हणालो, सांगितलं मावशी. नाव घेऊन सांगितलं. तुमचं, माझं, बाबांचं.

‘किती जन होते?’ तिने विचारलं.

‘एकोणीस.’

पलीकडे भांडी घासल्याचा आवाज येत होता. नळ बंद झाला.

‘त्या दिवशी तीन पंगती बसल्या होत्या,’ ती म्हणाली.